भैरीच्या डोंगरावरची खरपुडी

१८ जुलै १९७५, सोलापूर

हत्तुरे सरांनी आज तास संपल्यावर बोलावून घेतलं. जानेवारीत पुण्याला वनस्पतिशास्त्राचं चर्चासत्र आहे. विभागातर्फे निबंध मी वाचायचा. "तुमची नोकरी पक्की करायचा प्रस्ताव मार्चमध्ये जाईल, मालतीबाई. तेव्हा नावावर एखादं काम असलेलं बरं," म्हणाले. विभागप्रमुख आहेत, आणि खोटं बोलत नाहीत. पाच वर्षं शिकवतेय, आणि दर जूनला नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत जेवण गोड लागत नाही.

विषयही त्यांनीच दिला. बार्शीच्या पलीकडे भैरीचा डोंगर आहे. जवळगीकर सरांनी एकोणीसशे एकतीस ते चौतीस अशी चार वर्षं त्या डोंगरावरच्या झाडाझुडपांची यादी केली होती. कुठलं झाड किती उंचीवर, सगळं लिहून. त्याच डोंगराची आता चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा पाहणी करायची. सोपं काम आहे. चढायचं, शोधायचं, जुन्या यादीपुढे खूण करायची.

२० जुलै

जवळगीकर सरांकडे गेले. बी.एस्सी.ला त्यांनी मला शिकवलं. निवृत्त होऊन आता दहा वर्षं झाली. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेलेत. दारात कुणी उभं राहिलं तर तेवढा काळोख कळतो म्हणतात. पायरी चढायच्या आधीच म्हणाले, "मालती आली. डावी चप्पल घासते."

डोंगराचं नाव काढताच चेहरा बदलला. यादी केली तेव्हा ते बार्शीच्या शाळेत मास्तर होते. रविवारी सायकल काढायची, दशम्या बांधून घ्यायच्या आणि डोंगर गाठायचा. रुक्मिणीकाकू आतून म्हणाल्या, "लग्न होऊन वर्ष नव्हतं झालं. मला वाटायचं, तिकडं दुसरी कुणी आहे." सर हसत म्हणाले, "होतीच की. खरपुडी."

खरपुडी म्हणजे नाजूक वेल. जमिनीत सुपारीएवढा कंद, आणि पावसाळ्यात कंदिलासारखं उभं फूल. पण भैरीच्या डोंगरावरची निराळी. फुलाचं तोंड जांभळं, आत पांढरे केस. सरांना ती दुसऱ्या कुठल्या डोंगरावर मिळाली नाही. वहीतली नोंद त्यांनी तोंडपाठ म्हटली: "ओढ्याच्या काठापासून चारशे फूट चढापर्यंत विपुल. त्यावर नाही."

वही दिली, आणि उंची मोजायचं यंत्र दिलं, घड्याळासारखं, पितळी. फडक्यात गुंडाळून काकूंनी माझ्या पिशवीत ठेवलं. निघताना सर म्हणाले, "फुललेली दिसली की मला येऊन सांग. वास येत नाही तिला. नुसतं सांगितलंस तरी पुरे."

२४ ऑगस्ट

पहाटेची बार्शी एस.टी., तिथून दुसरी गाडी, मग दीड मैल पायी. पायथ्याला भैरवाडी, दहा-बारा घरं. सोजरबाई नावाची धनगराची बाई वाट दाखवायला आली. पन्नाशीची असेल, काटक. तिचा नवरा कोंडीबा मेंढरं घेऊन लांब गेला होता.

ओढ्याच्या काठी तास-दीड तास शोधलं. खरपुडी नाही. शंभर फूट चढावर नाही, दोनशेवर नाही. तिथं तरवड, निवडुंग आणि कुसळी गवत. सगळी माळावरची वस्ती. चारशे फुटांवर पोचले तेव्हा रडू यायच्या बेतात होते.

सोजरबाई म्हणाली, "काय हुडकताय बाई? खरपुडी व्हय? ती वर हाय की. पार भैरूबाच्या पाठीशी."

सहाशे फुटांच्या वर, भैरूबाच्या देवळाच्या मागं, उत्तरेकडच्या कपारीत सापडल्या. एकेचाळीस वेली. फुलं तशीच, जांभळ्या तोंडाची. ओढ्यापासून शिखर सातशे फूट. म्हणजे सर जिथं 'नाही' म्हणतात तिथंच आहेत, आणि 'विपुल' म्हणतात तिथं एकही नाही.

उतरताना सोजरबाई बडबडत होती. लहानपणी ओढ्याकाठी खणून खायचो, तेव्हा थंडी लई असायची, वगैरे. मला एस.टी. गाठायची होती.

३१ ऑगस्ट

सरांकडे गेले. "सापडली?" बसायच्या आधीच विचारलं.

"सापडली, सर. फुलली होती."

"ओढ्याकाठीच ना? तो वाकडा खडक आहे बघ, त्याच्या अंगाला?"

मी "हो" म्हटलं.

का म्हटलं ते मलाच कळलं नाही. त्यांनी मान खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि डोळे मिटले. दिसत नसलेले डोळे कशाला मिटतात? बहुधा तिथं पोचले असतील. काकूंनी मला तुपाचा शिरा दिला. तो अर्धा तसाच ठेवून उठले.

२१ सप्टेंबर

दुसरी फेरी. नुसती खरपुडीच नाही. सरांच्या यादीतलं ओलसर सावलीतलं एक नेचं आणि एक रानहळद, तीही सरांनी लिहिलंय त्यापेक्षा दोनशे-अडीचशे फूट वर. सगळ्यांची चूक एकाच दिशेला कशी?

शेळ्यांनी खाल्लं म्हणावं तर देवळामागंसुद्धा लेंड्या पडल्यात. बहात्तरच्या दुष्काळात खालचं सगळं जळून गेलं असेल म्हणावं, तर दुष्काळ वरही होताच. आणि सोजरबाई म्हणते, खालची त्याच्या कितीतरी आधी गेली, तिच्या थोरल्या पोरीच्या लग्नातसुद्धा नव्हती. पण ही काय नोंद झाली? पोरीचं लग्न कधीचं, तर "तिसरा बैल मेला त्या साली".

२६ सप्टेंबर

हत्तुरे सरांना कोष्टक दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"तुमच्या आकड्यांवर शंका नाही. पण इतकी झाडं मिळून डोंगर चढायला लागली असं पुण्यात सांगणार? झाडाला पाय असतात?"

"मग सर?"

"सरळ आहे. जुनं यंत्र. हवेचा दाब बदलला की शंभर-दोनशे फुटांचा फरक पडतो. जवळगीकर सर मोठे आहेत, पण तेव्हा ते पंचवीस-सव्वीस वर्षांचे शाळामास्तर होते. आधीच्या नोंदींतल्या उंची भरवशाच्या नाहीत, असं एक वाक्य टाका. शास्त्रात त्यात कुणाचा अपमान नसतो."

त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. पण यंत्र चुकलं तरी ओढा कसा चुकेल? ओढ्याचा काठ ओळखायला यंत्र कशाला लागतं? हे मी तिथं बोलले नाही. इथं लिहितेय.

२८ डिसेंबर, भैरवाडी

नाताळच्या सुट्टीत दोन दिवस सोजरबाईच्या घरी राहिले. पहाटे ओढ्याकाठी थर्मामीटर टांगला होता. बारा अंश. सरांच्या वहीत याच आठवड्यात, याच ओढ्यावर नऊ, साडेनऊ, एकदा आठ. थर्मामीटर निराळे, जागा पाचपन्नास पावलं इकडेतिकडे. त्यावरून काही काढता येत नाही.

सोजरबाई शेकोटीशी बसून म्हणाली, "आमी ल्हान हुतो तवा ह्या ओढ्याला सकाळी पांडरं दहिवर दिसायचं. पाय ठिवला की वाजायचं. आता कुटं? आता गोधडीबी अंगावर न्हाय राहत."

म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणी थंडी जास्त असते, पाऊस जास्त असतो आणि दूधही दाट असतं. आईचंही तसंच आहे.

१६ जानेवारी १९७६, मंगळवेढा

संक्रांतीला घरी. दादा शेतावरून ज्वारीची कणसं घेऊन आला, ओट्यावर टाकली. "बघ, अर्धी पोचट. थंडीच नाही पडली यंदा. थंडीशिवाय मालदांडी भरत नाही." मी म्हटलं, दर वर्षी तुझं काहीतरी असतंच. वहिनी हसली.

निबंध पुरा केला. ते वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं.

२४ जानेवारी, पुणे

वाचला. नीट झाला. एका मोठ्या प्राध्यापकांनी "प्रामाणिक काम" म्हणून शाबासकी दिली. प्रामाणिक.

३ एप्रिल, सोलापूर

नोकरी पक्की झाली. सात रस्त्यावरून पेढे घेतले, स्टाफरूममध्ये वाटले. सरांकडे पेढे घेऊन जायला हवं होतं. गेले नाही.

२० जून

गेल्या आठवड्यात छापील अंक आला. मी सरांना देणारच नव्हते. दृष्टी नाही, त्यांना कोण वाचून दाखवणार, असा हिशेब. पण हत्तुरे सरांनी आदरापोटी एक प्रत परस्पर घरी धाडली, "आपल्या विद्यार्थिनीचा निबंध" असं वर लिहून.

आज काकू मंडईत भेटल्या. गवारीची पिशवी हातात. बोलायचं नव्हतं त्यांना, पण राहवलं नाही.

"मला इंग्रजी अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. मी एकेक अक्षर सांगत गेले, ते जुळवत गेले. तीन दिवस लागले. खुशीत होते गं. तुझं नाव आलं की परत सांगायला लावायचे. मग त्या पानावर आलो. मी म्हटलं, यू, एन, आर, ई, एल... पुढचं सांगायच्या आधीच म्हणाले, 'पुरे. कळला शब्द.'"

शब्द माझाच होता. अनरिलायेबल. भरवशाच्या नाहीत. काकूंनीच पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाल्या, "तू यायचं बंद करू नकोस. ते आणखी वाईट होईल."

२७ जून

गेले. दाराशी चप्पल काढली तेव्हा आतून काही आवाज आला नाही.

वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर पाय धरले असते. म्हणाले, "शक्य आहे, मालती. तरुण होतो. एकटाच होतो, ताडून बघायला कुणी नव्हतं. यंत्र पडलंही होतं एकदा सायकलवरून."

"सर, ओढ्याचा काठ तर..."

"ओढ्याचा काठही मी घरी येऊन लिहिला असेल. आठवणीवर. माणूस आपल्याला हवं ते आठवतो." मग म्हणाले, "तू मला मागं ओढ्याकाठी सापडली म्हणालीस. माझ्यासाठी म्हणालीस ना?"

मी मान हलवली. त्यांना दिसली नाही. "हो सर," म्हणावं लागलं.

"चांगली आहेस तू," म्हणाले. याच्याइतकं मला आजवर काही लागलेलं नाही.

२२ ऑगस्ट

भैरीचा डोंगर. तेवीस वेली. गेल्या वर्षी एकेचाळीस होत्या. कुणी खणल्याची खूण नाही.

या खेपेला एस.टी.ची घाई केली नाही. सोजरबाईला ओढ्याकाठी बसवलं आणि विचारलं, "मावशी, लहानपणी खरपुडी कुठं खणायचात? नेमकी जागा दाखवा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आन् इतक्या दिसांत इचारलं न्हाय ते?"

वाकड्या खडकाशी नेलं. त्याच्या पूर्वेच्या अंगाला, कातळाच्या फटीत, कधीकाळी खणलेल्या वीतवीतभर खळग्यांची रांग अजून आहे. गवत बाजूला केलं की दिसते. "हितनं त्या बांधापातूर नुसती खरपुडीच. भादव्यात आमी पोरं पोटभर खायाचो. म्हून तर ह्या तुकड्याला 'खरपुडं' म्हंत्यात."

"कोण म्हणतं?"

"सरकारबी म्हंतंय की! तलाठ्याच्या कागदात हाय. आमचाच तुकडा हाय तो."

तिनं पत्र्याच्या पेटीतून सातबाराचा उतारा काढून दिला. शेताचं स्थानिक नाव: खरपुडं. शाई पुसट, पण वाचता येतं.

सरांचं बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं.

म्हणजे वेल खरंच वर गेली. झाडाला पाय नसतात, पण खरपुडीच्या बीला रेशमासारखा झुबका असतो, वाऱ्यावर उडतो. बी दर वर्षी वरही जात असेल, खालीही. खालची रुजेनाशी झाली, वरची रुजत राहिली. कुणी चढलं नाही. खालची मरत गेली एवढंच. पण का? मी मातीचा नमुना घेतला. मातीत काय सापडणार आहे? माती तीच आहे.

२३ ऑगस्ट

कॉलेजला न जाता आधी सरांकडे धावले. सगळं सांगितलं, खळगे, शेताचं नाव, सोजरबाई. धापा टाकत सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हात पुढं केला, माझं डोकं चाचपून शोधलं आणि त्यावर ठेवला.

"मालती, मला बरं वाटावं म्हणून आता काही सांगू नकोस. झालं ते झालं."

"सर, आई शपथ, खरं आहे."

"त्या वेळीही खरंच होतं."

काकू दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही कळेना, कुठलं खरं.

९ सप्टेंबर

हत्तुरे सरांकडे दुरुस्तीचं टिपण नेलं. त्यांनी पूर्ण वाचलं. वाईट माणूस नाही.

"एका मेंढरंवालीची आठवण आणि तलाठ्याच्या दप्तरातलं नाव. संपादक हसतील, बाई. बरं, मानलं वर गेली. कारण काय लिहिणार? कारणाशिवाय नुसतं 'गेली' म्हणायचं?"

माझ्याकडे कारण नाही. रात्रंदिवस तोच विचार करते, आणि माझ्याकडे कारण नाही.

टिपण मी परस्पर पाठवलं. बघू.

१४ नोव्हेंबर

टिपण परत आलं. "पुराव्याअभावी."

गेल्या महिन्यात एक गोष्ट केली होती. वरून सहा कंद काढले. बरोबर केलं की नाही कोण जाणे. तीन ओढ्याकाठी जुन्या खळग्यांतच लावले, सोजरबाई पाणी घालते. तीन कुंड्यांत, घरी. सरांना वेल हाताला तरी लागेल.

१७ एप्रिल १९७७

एप्रिलातच उन्हानं जीव नकोसा केलाय. कुंड्या पलंगाखाली ठेवल्या, ओलं गोणपाट गुंडाळलं. खरपुडीचा वेल उन्हाळ्यात वाळतोच, कंद झोपतो, म्हणून धीर धरला होता. आज माती उकरली. तिन्ही कंद चिपाडासारखे. बोटानं दाबले की भुगा.

भैरवाडीहून कोंडीबा बाजाराला आला होता. म्हणाला, ओढ्याकाठचेबी गेले. "बायकू लई रडली, बाई. म्हन्ती माझ्या हातनं मेले."

२१ ऑगस्ट

नऊ.

चार फुललेल्या. शेंग एकीलाही धरलेली नाही. ज्या बारक्या माश्या या फुलात शिरतात त्या एकाही फुलात दिसल्या नाहीत. मी फुलं फाडून पाहिली नाहीत, नुसतं उजेडाकडे धरून पाहिलं. गेल्या वर्षी माश्या मोजायचं सुचलंच नाही, त्यामुळे कमी झाल्या असंही लिहिता येत नाही.

सगळ्या वेली शेवटच्या कपारीत. वर देवळाची भिंत, निशाण, आणि मग काही नाही.

सोजरबाई म्हणाली, "आता आनि वर कुटं जायाचं हिनं?"

२ सप्टेंबर

काकू कॉलेजात आल्या. पहिल्यांदाच. जिन्यापाशी उभ्या होत्या, पदर सावरत. सर बोलत नाहीत म्हणाल्या. जेवतात, झोपतात, रेडिओसुद्धा लावू देत नाहीत. सगळ्या वह्या काढून बंबात घाल म्हणाले. काकूंनी घातलेल्या नाहीत, तांदळाच्या डब्यामागं लपवल्यात, पण घातल्या म्हणून सांगितलं.

"त्यांना एकदा तिथं ने. माझं ऐकत नाहीत, तुझं मानत नाहीत. त्या बाईचं तरी ऐकतील."

बहात्तर वर्षांचा माणूस, दोन एस.ट्या, आणि ऊन. मी हो म्हटलं.

११ सप्टेंबर

नीट लिहिलं पाहिजे, म्हणून घाईनं लिहीत नाही.

भैरवाडीच्या फाट्यावर कोंडीबानं बैलगाडी आणली होती, त्यात गोधड्या घातल्या होत्या. सर गाडीत सरळ बसले, एका हातानं कडेचा साटा धरून. वाटेत एकदाच बोलले: "ओढा आला का? खड्डा लागला." ओढा आलाच होता.

सोजरबाईनं पायावर पाणी घातलं, चहा दिला. मग सरांनी सुरुवात केली. गप्पा नाहीत, तोंडी परीक्षा. आवाज तोच, आमची घ्यायचे तेव्हाचा.

"फुलाचं तोंड कसलं?"

"जांबळं. आत म्हाताऱ्याच्या कानात असत्यात तसं पांडरं क्यास."

"कंद कुठल्या महिन्यात गोड?"

"पोळ्याच्या म्होरं. आदी खाल्ला तर घसा खाजतो."

"खडकाच्या कुठल्या बाजूला?"

"उगवतीच्या. मावळतीला ऊन लागतंय, तितं कदीच न्हाय आली."

सरांनी मान वर केली. ते वहीत आहे. 'पश्चिमेस अभाव' असं. सोजरबाईला वाचता येत नाही आणि वही मी तिला कधी दाखवलेली नाही.

मग ती आपणहून म्हणाली, "तवा एक सायकलवाला मास्तर यायचा हितं. आमी पोरं त्येला खरपुड्या खांदून द्यायचो. तर त्यो खायाचा न्हाय, कागदात दाबून ठिवायचा! आमी लई हसायचो. आमाला वाटायचं, खुळंच हाय."

सरांचे ओठ हलले. "लाल परकराची एक मुलगी होती. सगळ्यांत मोठा कंद आणायची आणि द्यायच्या आधी अर्धा खायची."

सोजरबाईनं तोंडावर हात मारला. "अगं बया! मास्तर, तुमी व्हय?"

मग ती हसली, सर हसले, काकू हसता हसता डोळे पुसायला लागल्या. सोजरबाईनं सरांचा हात धरून खडकाशी नेलं, खळग्यांत बोटं घालायला लावली. एकेक खळगा त्यांनी चाचपला. मला वाटलं, झालं. दोन वर्षांचं ओझं उतरलं. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "सर, तुमचं बरोबर होतं. मी चुकले."

त्यांचा हात शेवटच्या खळग्यातच होता.

"आता वर किती आहेत?"

"नऊ, सर."

"शेंगा?"

"नाहीत."

त्यांनी हात बाहेर काढला, बोटांना लागलेली माती चोळली. मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

"मी चुकलो असतो तर बरं झालं असतं गं," सर म्हणाले. "मग ती पहिल्यापासून वरच होती, सुखानं होती, असं झालं असतं. गेले वर्षभर मी तेवढ्यावर जगत होतो. म्हटलं, माझं नाव गेलं तर गेलं, झाड तर जागेवर आहे."

काकूंनी त्यांना धरून गाडीत बसवलं. परतीच्या वाटेवर त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि एक अक्षर बोलले नाहीत. रागानं नव्हे. एवढं मला आता कळतं.

८ फेब्रुवारी १९७८

सर काल गेले. झोपेतच. थंडीचे दिवस असून अंगावर नुसतं उपरणं होतं. काकू म्हणाल्या, रात्रभर उकडतंय म्हणत होते.

वह्या काकूंनी माझ्या स्वाधीन केल्या. त्या कुणाला द्याव्यात हे मला माहीत नाही.

२० ऑगस्ट १९७८

पंधरा दिवस पावसानं ओढ दिलीय. ऊन वैशाखासारखं.

मी आणि सोजरबाई देवळामागं गुडघ्यावर रांगत शोधत होतो. सकाळी नऊपासून बारापर्यंत. कपारीतली प्रत्येक फट. मी सोडून दिलं होतं. तिनंच हाक मारली, हळू, जसं काही मोठ्यानं बोललं तर पळून जाईल.

एक वेल. वीतभर. चार पानं, कळी नाही, खालची दोन पानं कडेनं करपलेली. सूर्य कपारीवरून सरकून तिच्यावर आला होता.

सोजरबाईनं घागरीतलं ओंजळभर पाणी घातलं. मग उठून वेलीच्या आणि उन्हाच्या मध्ये उभी राहिली, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून. मी म्हटलं, "मावशी, असं किती वेळ उभं राहणार?"

"ऊन ढळंस्तवर."

तिचे हात भरून आले की मी उभी राहायचे, माझे भरून आले की ती. दोघींची सावली मिळून वेलीला पुरत होती. नोंदवहीत आकडा लिहायचा होता, तो मी उभ्यानंच लिहिला. एक. उद्याचं काय, परवाचं काय, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

माझी शेवटची गाडी पावणेपाचला. साडेतीनला निघावंच लागलं. ऊन अजून होतं. ओढ्यापाशी येऊन वर पाहिलं, तर सोजरबाई देवळाच्या बाजूला तशीच उभी होती, पदर पसरून.